समाधान नेमके कोणाचे मोजायचे?

एमबीएच्या विद्यार्थ्यांचे उन्हाळी प्रकल्प तपासायला घेतले, की मनुष्यबळ शाखेच्या गठ्ठ्यात दोन शीर्षके हमखास सापडतात. एक ‘अमुक कंपनीतील कर्मचारी समाधानाचा अभ्यास’ आणि दुसरे ‘तमुक कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा अभ्यास’. मार्गदर्शक म्हणून असे अहवाल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. दोन्ही एकाच कंपनीवर लिहिलेले असले तरी पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता नसतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

समाधानाच्या अहवालाचा साचा ठरलेला असतो. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेली ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी, शंभराच्या आसपास उत्तरे, काही आलेख आणि शेवटी ‘बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत’ हा निष्कर्ष. उत्तरे कोणाकडून आली, याबद्दल मात्र ‘सोयीस्कर नमुना निवड’ (म्हणजे सहज हाती लागतील त्यांचीच उत्तरे) एवढेच लिहून विषय संपवलेला असतो. ती सोय बहुधा एचआर विभागाची असते, कारण प्रश्नावलीची लिंक त्यांच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि ठेकेदाराकडचा कामगार त्या ग्रुपवर नसतो. चाकणच्या एका कारखान्यावरच्या अहवालात सगळे उत्तरदाते कायम नोकरीतले होते. त्याच अहवालाच्या परिशिष्टात शॉप फ्लोअरचे छायाचित्र जोडलेले होते आणि त्यात निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगावर ठेकेदाराच्या नावाची जाकिटे दिसत होती. तोंडी परीक्षेत त्याबद्दल विचारले, तेव्हा विद्यार्थिनीने अगदी प्रामाणिकपणे सांगितले, “सर, ते कंपनीचे एम्प्लॉयी नाहीत.” तिचे उत्तर कागदोपत्री बरोबर होते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

प्रश्नांचीही तीच गत असते. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा 1959 चा द्विघटक सिद्धांत उद्धृत केलेला असतो. पगार, कामाची जागा, देखरेख या गोष्टी वाईट असतील तर असंतोष निर्माण होतो, पण त्या चांगल्या असल्या म्हणून समाधान आपोआप येत नाही, हे त्याचे सार आहे. प्रश्नावली तयार करताना हर्झबर्ग विसरले जातात आणि कॅन्टीन, पाळणाघर, विश्रांतिकक्ष यांबद्दलच्या समाधानाची सरासरी काढली जाते. 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत, कारखाने अधिनियम, 1948 नुसार 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन चालवायला सांगता येत असे आणि 30 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचे असे. कायद्याने द्यायच्या सोयीवर कामगाराने ‘सहमत’ म्हटले, तर त्यातून व्यवस्थापनाचे कौतुक कसे सिद्ध होते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आता दुसऱ्या शीर्षकाकडे वळू. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे 500 कोटी रुपयांचे नक्त मूल्य, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी अट लागू होणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे, आणि आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे, नाही तर दिवाळीची मिठाईसुद्धा समाजकार्यात जमा झाली असती. तिचा संशोधनावर मात्र विचित्र परिणाम झाला आहे. जबाबदार उद्योग म्हणजे शाळेची रंगरंगोटी, आरोग्य शिबिर आणि वृक्षारोपण, असे समीकरण रूढ झाले आणि कारखान्याच्या आतला माणूस या विषयातून बाहेर पडला. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्ये लागू झाला होता. त्या काळी जबाबदारीची सुरुवात कारखान्याच्या आतून झाली होती, हे आजच्या अहवालांत क्वचितच वाचायला मिळते.

हे दोन विषय एकत्र आणायला आता एक साधन उपलब्ध आहे, आणि व्यवस्थापनाच्या संशोधकांनी ते पुरेसे वापरलेले नाही, असे माझे मत आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2021 मध्ये बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे कंपनीची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) आणला आणि 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यातल्या नऊ तत्त्वांपैकी तिसरे कर्मचाऱ्यांच्या आणि मूल्यसाखळीतील कामगारांच्या कल्याणाविषयी आहे. आरोग्य विमा, अपघात विमा, प्रसूतीचे लाभ किती जणांना मिळतात, हे कायम आणि कायम नसलेले अशा वेगवेगळ्या ओळींत द्यावे लागते. किमान वेतनाएवढाच पगार किती जणांना आणि त्याहून जास्त किती जणांना, हेही पाचव्या तत्त्वाखाली याच पद्धतीने सांगावे लागते.

तरीही बीआरएसआरच्या तक्त्यांत फटी आहेत. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण फक्त कायम कर्मचाऱ्यांचे आणि कायम कामगारांचे विचारले जाते. संघटनेच्या सदस्यत्वाच्या तक्त्याचेही तेच. ज्या माणसाचा ठेका सहा-सात महिन्यांनी संपतो, त्याचे जाणे या आकड्यांत उमटत नाही, आणि असमाधानाचा सर्वांत ठळक पुरावा तर तोच असू शकतो. प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी या फटींत शिरावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

म्हणून अलीकडे शीर्षक मंजूर करण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना त्या कंपनीचा बीआरएसआर वाचून यायला सांगतो. कायम नसलेल्यांचा आकडा एकूण कामगारांच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल, तर नमुन्यात त्यांचा वाटा त्याच प्रमाणात हवा आणि प्रश्नावली एचआरमार्फत न पाठवता शिफ्ट सुटताना गेटबाहेर मराठीत आणि हिंदीत भरून घ्यायला हवी, अशी अट असते. काही कंपन्या अशा अभ्यासाला परवानगी नाकारतात. तो नकारही पद्धतीच्या प्रकरणात तारखेसह नोंदवावा, असे मी सांगतो.