आपण म्हणजे नक्की कोण?

मराठीत मूळ सर्वनामं मोजून नऊ. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. त्यांचे प्रकार मात्र सहा: पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, अनिश्चित आणि आत्मवाचक. एवढ्याशा मंत्रिमंडळात सहा खाती वाटायची म्हटल्यावर एकेकाकडे दोन-दोन खाती येणारच. 'तो' पुरुषवाचकही आणि दर्शकही. 'कोण' प्रश्नही विचारतो आणि 'कोणी' होऊन अनिश्चितातही जाऊन बसतो.

'नामाऐवजी येतो तो शब्द म्हणजे सर्वनाम' ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. ती चूक नाही, पण 'मी'च्या बाबतीत जरा लंगडी पडते. 'मी'च्या जागी स्वतःचं नाव घालून कोण बोलतं? एक तर दोन वर्षांचं मूल, नाही तर पुढारी. पाणिनीने व्याख्येच्या भानगडीत न पडता 'सर्वादीनि सर्वनामानि' म्हणून सरळ यादीच दिली: 'सर्व' वगैरे शब्द म्हणजे सर्वनामं. पुरुषांच्या क्रमातही संस्कृत आपल्यापेक्षा वेगळं आहे. तिथे प्रथम पुरुष म्हणजे 'तो', मध्यम म्हणजे 'तू' आणि 'मी' सगळ्यात शेवटी. 'मी'ला उत्तम पुरुष म्हटलंय, पण उभं केलंय रांगेच्या टोकाला. शाळेतल्या मराठी व्याकरणात मात्र 'मी' प्रथम पुरुष झाला आणि पुढे आला.

या सगळ्यांत बेरकी कोण म्हणाल, तर 'आपण'. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तो आत आला. हा फरक गुजराती, तमिळ, तेलुगू याही भाषांत आहे, हिंदीच्या 'हम'मध्ये किंवा इंग्रजीच्या 'वुई'मध्ये नाही. एकदा सवय लागली की त्यावाचून माणसं कसं निभावतात असं वाटतं. पण हाच 'आपण' 'आपण यावे' म्हणताना समोरच्याला दोन पायऱ्या वर चढवतो, आणि 'आपण नाही घाबरत कुणाला' म्हणताना एकट्या बोलणाऱ्याचीच कॉलर ताठ करतो. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये त्याचा चौथा अवतार दिसतो. 'हा रिपोर्ट आपण आज संध्याकाळपर्यंत संपवू या.' बोलणारे साहेब, ऐकणारे पाच जण, आणि रात्री साडेआठला रिपोर्ट संपवत बसलेला एक जण. व्याकरणाच्या पुस्तकात या 'आपण'ला अजून खातं मिळालेलं नाही.

आत्मवाचक 'आपण' त्या मानाने सरळ. 'तो आपण होऊन आला.' तो वाक्याच्या सुरुवातीला येत नाही, कर्त्याच्या मागे उभा राहतो. त्याचंच 'आपला, आपली' हे रूप फार उपयोगाचं. 'मीनाने नीताला तिची वही दिली.' कोणाची वही? बहुधा नीताची, पण वर्गात बाईंनी विचारलं तर दोघी हात वर करतील. 'मीनाने नीताला आपली वही दिली' म्हणा, वाद मिटला.

संबंधी सर्वनामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'जो' आला की मागोमाग 'तो' येतो, 'ज्याचं जळतं त्याला कळतं' या चालीवर. प्रश्नार्थक 'काय'ला तर बऱ्याचदा उत्तरच नको असतं. 'काय म्हणता?' असं विचारणारा पुढे निघून गेलेला असतो. अनिश्चितात माझा आवडता 'कोणीतरी'. 'कोणीतरी दार लावा रे!' अशी हाक घरात ऐकू आली की तो कोणीतरी आपण नव्हे, याबद्दल प्रत्येकाची खात्री असते. परीक्षेला मात्र नेमका दर्शक विचारतात. 'हा माझा भाऊ' यातला 'हा' सर्वनाम, 'हा मुलगा माझा भाऊ' यातला 'हा' विशेषण. पुढे नाम आलं की त्याचं पद बदलतं.

खरी पंचाईत द्वितीय पुरुषात होते. तू, तुम्ही की आपण? वयाने लहान पण हुद्द्याने मोठा माणूस, कॉलेजात 'अरे-तुरे' असलेला आणि वीस वर्षांनी सूट-बुटात भेटलेला मित्र, नवा व्याही. एकदा 'अहो-जाहो' सुरू झालं की 'तू'वर उतरायला वर्षं जातात, आणि 'तू' म्हणून बसल्यावर परत वर चढणं त्याहून अवघड. सर्वनाम गाळूनही सुटका नाही. 'येतोस', 'येतेस', 'येता' ही क्रियापदं सगळं सांगून टाकतात, आणि 'तू'ची रूपं तर अगदी समोर पुरुष आहे की बाई हेसुद्धा.

म्हणून अशा वेळी मराठी माणूस अशी वाक्यं शोधतो, ज्यांत पुरुष नावाला नसतो. 'कधी येणं झालं?' 'सध्या मुक्काम कुठे?' 'जेवण झालंय का?' 'चहा चालेल ना?' अशी पंधरा-वीस मिनिटं सहज निघतात. पंचाईत होते ती निरोप घेताना, कारण 'पुन्हा ये' की 'पुन्हा या' हे ठरवावंच लागतं. त्यावरही तोड आहे. 'चला, येणं होऊ दे मग!'