टेक्स्ट कन्सोलवर रशियन अक्षरं: माझा अनुभव

सेंट पीटर्सबर्गला नोकरीत असताना १९९०च्या दशकातल्या मोजमापांच्या नोंदी वाचण्याजोग्या करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. सर्व्हर जुना, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), ग्राफिक्स नाही, नुसता टेक्स्ट कन्सोल, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणारा पडदा. फाइल उघडली की चौकटींच्या रेघांचे तुकडे आणि मध्येच मोठी (कॅपिटल) रशियन अक्षरं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, हे एनकोडिंग ठरवतं. ते अक्षर दिसतं कसं, हे फॉन्ट. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधली फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की जो रोमन काला दिसतो, तो आपल्याकडे डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलाय. तिथे दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. रशियनमध्ये त्या सुट्या होतात, म्हणून निभावलं.

फॉन्टचं काम लवकर उरकलं. डेबियनच्या कन्सोल-सेटअपमध्ये यूटीएफ-८ हे एनकोडिंग, सिरिलिक (रशियन) लिपी आणि टर्मिनस ८×१६ हा फॉन्ट निवडला. व्हीजीए या जुन्या पडदा-यंत्रणेच्या टेक्स्ट मोडमध्ये फॉन्टला २५६ आकृत्यांची जागा असते. ५१२ घेता येतात, पण मग अक्षरांचे रंग १६ वरून ८ वर येतात. मला २५६ पुरल्या.

तक्त्यांभोवतीच्या, रेघांच्या आकृत्या जोडून काढलेल्या चौकटींनी मात्र मला गुंतवून ठेवलं. व्हीजीए ८ पिक्सेलची आकृती ९ पिक्सेलच्या जागेत बसवतं. नववा स्तंभ एरवी रिकामा राहतो. फक्त १९२ ते २२३ या जागांवर आठव्याचीच नक्कल तिथे उतरते, म्हणजे आडव्या रेघा तुटत नाहीत. डॉसच्या सीपी८६६ या रशियन एनकोडिंगमध्ये बऱ्याचशा रेघा तिथेच आहेत. कोई८-आर या दुसऱ्या रशियन एनकोडिंगमध्ये त्याच जागी लहान (स्मॉल) रशियन अक्षरं बसलीत! लिनक्सच्या फॉन्टला कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा युनिकोडचा तक्ता जोडलेला असतो, त्यामुळे आकृती हव्या त्या जागी ठेवता येते आणि हा तंटा मिटतो.

मग फाइली ओळखणं. कोई८-आरचा मजकूर विंडोज-१२५१ (विंडोजचं रशियन एनकोडिंग) समजून वाचला की पहिलं अक्षर लहान आणि पुढची सगळी मोठी दिसतात, कारण दोन्हींत लहान-मोठ्यांच्या जागा नेमक्या उलट आहेत. सीपी८६६चा मजकूर कोई८ म्हणून वाचला तर चौकटींचे तुकडे येतात. माझ्या पडद्यावर होते तेच. हे एकदा डोळ्यांत बसलं की दोन ओळींत फाइलीचं कूळ कळतं. पुढचं काम एनकोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्ह या प्रोग्रॅमचं.

कोई८ रचणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. वाटेत प्रत्येक बाइटचा आठवा बिट गळला तरी मजकूर वाचता यावा म्हणून त्यांनी रशियन वर्णक्रम बाजूला ठेवला आणि शक्य तिथे प्रत्येक अक्षर उच्चाराने जवळच्या रोमन अक्षराच्या जागेशी जुळवून बसवलं. ‘प्रिवेत’ (रशियनमध्ये ‘नमस्कार’) या शब्दाचा आठवा बिट काढला की पी, आर, आय, डब्ल्यू, ई, टी उरतात, पी लहान, बाकी मोठी. काही नोंदींचा आठवा बिट खरोखरच गेला होता. त्या मी रोमनमधूनच वाचल्या आणि परत रशियनमध्ये आणल्या.

फाइलींची नावं शेवटी घेतली. नावांचं एनकोडिंग बदलणारा कॉन्व्हएमव्ही हा प्रोग्रॅम आधी नुसता बदल दाखवतो. नोटेस्ट पर्याय दिल्यावरच नाव खरं बदलतं. यादी तिथल्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतली आणि मगच तो पर्याय दिला. मूळ फाइली तशाच वेगळ्या ठेवल्यात.