समांतर रिक्वेस्टचं टूल: डॉक्युमेंटेशनचा टप्पा

एआय एजंटला (टूल वापरत कामं उरकणाऱ्या भाषा-मॉडेलला) एका झटक्यात अनेक वेबपानं आणून देणारं माझं टूल आता व्यवस्थित चालतंय. पायथन, अनेक कामं एकाच वेळी चालवणारं असिंकआयओ, वेब-रिक्वेस्ट पाठवणारं एचटीटीपीएक्स आणि वर मॉडेलला बाहेरची टूल्स जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा, म्हणजे एमसीपीचा, छोटासा सर्व्हर. कोडला सध्या हात लावत नाहीये. सगळा वेळ डॉक्युमेंटेशनला देतोय, आणि मनापासून सांगतो, या कामात मी कोडपेक्षा जास्त रमलोय.

कारण याचा पहिला वाचक मॉडेल आहे. एमसीपीमध्ये टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) मॉडेलपुढे ठेवला जातो. रीडमी, म्हणजे माणसांसाठीची माहितीची फाइल, त्याच्यासमोर नसते, कोडही नसतो. वर्णनात जे लिहिलेलं नाही, ते त्याच्या लेखी टूलमध्ये नाहीच. बरं, सगळंच लिहावं म्हटलं तर प्रत्येक ओळ कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात, जागा खाते. म्हणून आता दोन मजकूर वेगळे केलेत: मॉडेलसाठी मोजक्या ओळींचं वर्णन, आणि आपल्यासारख्यांसाठी सविस्तर रीडमी.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘हे टूल कधी वापरू नये’ या भागावर. उदाहरण घेतलं मराठी विकिपीडियाचं. एजंटला सांगितलं, महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या पानांचा मूळ मजकूर आण. हाताशी समांतर टूल असलं की त्याने ३६ रिक्वेस्ट एकदम सोडणं साहजिक आहे. पण विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामना माहिती मागण्यासाठीच्या सोयीत) शीर्षकांच्या मधे उभी रेघ देऊन एकाच रिक्वेस्टमध्ये ५० पर्यंत पानं मागता येतात. शिवाय रिक्वेस्ट समांतर न पाठवता एकामागून एक पाठवा, असं विकिमीडियाचेच शिष्टाचार सांगतात. म्हणजे ३६ जिल्हे एकाच फेरीत येतात आणि माझ्या टूलची गरजच उरत नाही. हे वाक्य वर्णनात अगदी वरच्या बाजूला आणलंय: साइटचा एपीआय एकगठ्ठा माहिती देत असेल तर तोच वापरा. त्याखाली दुसरी अट: पुढचा पत्ता आधीच्या उत्तरातून मिळणार असेल तर समांतर पाठवू नका.

मग निकालाची रचना. दहा पानं मागितली, आठ आली, एक टाइमआउट झालं, एकाने ४२९ (‘फार रिक्वेस्ट येताहेत, थांबा’ असा कोड) दिला. याला यश म्हणायचं की अपयश? अनेक टास्क एकत्र चालवणारा असिंकआयओचा टास्कग्रुप पायथन ३.११ पासून आहे, छानच आहे, पण त्यात एक टास्क कोसळला की बाकीचे रद्द होतात. इथे ते परवडत नाही. म्हणून मी असिंकआयओचंच गॅदर हे फंक्शन वापरतो, रिटर्न-एक्सेप्शन्स हा पर्याय चालू ठेवून; पाठवलेल्या क्रमानेच निकाल मिळतात आणि चुका त्याच यादीत आपापल्या जागी बसतात. वर्णनात सरळ लिहिलंय: प्रत्येक निकालाची स्थिती स्वतंत्रपणे पाहा, आणि जे आलं नाही त्याबद्दल अंदाजाने काही लिहू नका. हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आठ पानं वाचून दहांचा सारांश देणारा एजंट निव्वळ अपयशापेक्षा धोकादायक, कारण वाचणाऱ्याला संशयही येत नाही.

४२९ सोबत येणारा रिट्राय-आफ्टर, म्हणजे ‘इतक्या वेळाने पुन्हा या’ हा निरोप, कधी सेकंदांत असतो, कधी पूर्ण तारीख-वेळेत. टूल दोन्हींचे सेकंद करून देतं. पोस्टला (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टला) परवानगीच नाही, फक्त गेट आणि हेड, म्हणजे माहिती मागणाऱ्या रिक्वेस्ट. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नसतं. तीच पोस्ट पुन्हा गेली तर एकाच्या दोन ऑर्डरी पडू शकतात.

एका होस्टला, म्हणजे एका साइटच्या सर्व्हरला, एका वेळी दोनच जोडण्या ठेवल्यात. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये (एचटीटीपी १.१ च्या तेव्हाच्या मानकात) हाच आकडा होता. २०१४ मध्ये तो काढून टाकला गेला आणि ब्राउझर एचटीटीपी १.१ वर साधारण सहा जोडण्या उघडतात. तरी मी दोनवर ठाम आहे. माणूस पानं वाचत वाचत पुढे जातो, एजंट थांबत नाही, आणि पलीकडे एखाद्या छोट्या संस्थेचा साधा सर्व्हर असू शकतो.

आता आपल्या लिपीचा भाग. युनिकोडमध्ये ‘पुणे’ म्हणजे चार चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट. पत्त्यात टक्केवाल्या रूपात गेलं की एकेका बाइटची तीन अक्षरं (% आणि पुढे दोन आकडे-अक्षरं) होतात. चार चिन्हांच्या पुण्याची ३६ अक्षरी माळ! मॉडेलला ती जशीच्या तशी उतरवायला लावणं म्हणजे चुकीला आमंत्रण. म्हणून देवनागरी पत्ता तसाच द्या, रूपांतर टूल करेल, असं स्कीमात नोंदवलंय, आणि प्रत्येक रिक्वेस्टला छोटा आयडी ठेवलाय. मजकुराची मर्यादाही बाइटमध्ये न मोजता चिन्हांत मोजली आहे, आणि काप मोकळ्या जागेवरच पडतो. नाहीतर अक्षर एकीकडे आणि त्याची वेलांटी दुसरीकडे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या मराठी साइटसाठी वेगळी सूचना लिहिली आहे: मजकूर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर पान बिघडलेलं समजू नका, फॉन्टची शंका घ्या.

सुरक्षेचं थोडक्यात: १२७.०.०.१ (स्वतःचंच मशीन), खाजगी नेटवर्कचे पत्ते आणि क्लाउड सर्व्हरची अंतर्गत माहिती देणारा मेटाडेटाचा पत्ता १६९.२५४.१६९.२५४ बंद. तपासणी डीएनएसने साइटच्या नावाचा आकडी पत्ता उलगडल्यावर आणि प्रत्येक रिडायरेक्टला (साइटने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं की) पुन्हा. एचटीटीपीएक्स आपणहून रिडायरेक्टमागे जात नाही, त्याचा इथे फायदा झाला. आणलेल्या पानातल्या सूचना पाळायच्या नाहीत, ती फक्त माहिती आहे, हेही वर्णनात आहे. अर्थात केवळ त्या वाक्यावर विसंबता येत नाही, म्हणून संवेदनशील अधिकार असलेल्या एजंटला हे टूल जोडू नका, असं रीडमीत ठळक केलंय.

आता रोबोट्स.टीएक्सटीचा, म्हणजे बॉटने कुठली पानं घेऊ नयेत हे सांगणाऱ्या साइटच्या फाइलचा, भाग उरलाय. २०२२ च्या आरएफसी ९३०९ नुसार ही फाइल २४ तासांपर्यंत जपून ठेवता येते, त्यामुळे दर रिक्वेस्टला ती नव्याने मागायची गरज नाही. माणसाच्या सांगण्यावरून एकच पान आणणारा एजंट क्रॉलर (आपणहून पानं गोळा करत फिरणारा बॉट) ठरतो का, यावर मतं वेगळी आहेत. माझं टूल एकदम अनेक पानं मागतं, तेव्हा ते नियम पाळणार, आणि नकार आला तर निकालात तसं स्पष्ट लिहिणार.