जहाज तरंगतं कसं ते सोडा, सरळ कसं उभं राहतं ते बघा

मी न्हावा शेवा बंदराच्या कामात आहे म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, एवढं मोठं लोखंडी धूड पाण्यावर तरंगतं कसं. आर्किमिडीज शाळेत सगळ्यांचा झालाय त्यामुळे तो भाग सोडतो. तरंगणं सोपंच आहे हो, अवघड आहे ते सरळ उभं राहणं, आणि पोर्टात जी काय पळापळ दिसते ना त्यातली बरीचशी वजनासाठीच असते.

पळस्पे फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पुढच्या ट्रेलरवरच्या कंटेनरचं दार वाचा, टाइमपास म्हणून. चार अक्षरं आणि सात आकडे म्हणजे त्याचा नंबर. चौथं अक्षर बहुतेक वेळा यू, आणि चौकटीतला शेवटचा आकडा चेक डिजिट, आधीच्या सगळ्यावरून हिशोब करून काढलेला, त्यामुळे टाइप करताना बोट घसरलं की सिस्टीम सहसा तिथेच अडवते. त्याखाली वजनं लिहिलेली असतात, वीस फुटी बॉक्स रिकामा साधारण सव्वादोन टन आणि भरून जास्तीत जास्त बऱ्याच बॉक्सवर 30,480 किलो. म्हणजे बाहेरून हुबेहूब सारखे दोन बॉक्स, एकात नुसती हवा आणि दुसऱ्यात ग्रॅनाइट. क्रेनवाल्याला वरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून जहाज बर्थला, म्हणजे धक्क्याला, लागायच्या आधीच कुठला बॉक्स कुठे ठेवायचा याचा प्लॅन तयार असतो. प्रत्येक बॉक्सला जहाजावरचा सहा आकडी पत्ता मिळतो, उदाहरणार्थ 340682. 34 म्हणजे लांबीतली जागा, सम आकडा म्हणजे चाळीस फुटी, 06 म्हणजे मधल्या रेषेपासून डावीकडे तिसरी रांग, आणि 82 म्हणजे डेकवरचा पहिला थर. साधा नियम असा की जड खाली, हलकं वर. पण मग वाटेत आधी लागणाऱ्या दुबईच्या जेबेल अलीला उतरायचा हलका बॉक्स वर आणि रॉटरडॅमचा जड खाली असं दरवेळी नशिबात नसतं ना, उलटं झालं की जेबेल अलीत वरचे बॉक्स काढा, खालचा उतरवा, परत वरचे चढवा, आणि त्या प्रत्येक हालचालीचे पैसे. शिवाय रीफरला, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या बॉक्सला, प्लग लागतो, धोकादायक माल एकमेकांपासून लांब ठेवायचा असतो. प्लॅनर मंडळी चिडचिडी असतात असं म्हणतात, मला तर ती त्यातल्या त्यात शांतच वाटतात.

जहाजाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध एक गोल आणि त्यातून आडवी रेघ असते बघा, ती प्लिमसोल लाइन. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराने ओव्हरलोड जहाजांविरुद्ध भांडून 1876 चा कायदा करून घेतला, तेव्हापासूनची. शेजारी अजून छोट्या रेघा असतात, गोड्या पाण्यासाठी वेगळी, उष्ण समुद्रासाठी वेगळी, कारण गोडं पाणी हलकं, त्यात तेच जहाज जास्त बुडतं. पण ही रेघ फक्त एकूण वजन सांगते, ते डावीकडे आहे की उजवीकडे, वर की खाली, ते नाही. त्यासाठी चीफ ऑफिसर कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो आणि क्रेन एका बाजूचे बॉक्स उचलत असताना पोटातल्या टाक्यांमधलं बॅलास्टचं, म्हणजे तोल राखायचं, पाणी इकडून तिकडे फिरवत राहतो.

कललेलं कंटेनर जहाज कसं दिसतं ते मुंबईकरांनी 2010 मध्ये पाहिलंय. 7 ऑगस्टला एमएससी चित्रा आणि खलिजा-3 ची टक्कर झाली, चित्रा एका बाजूला कलली, बॉक्स समुद्रात पडले, तेल पसरलं. मुंबई पोर्ट आणि न्हावा शेवा दोन्हीकडे जायचा मुख्य चॅनेल एकच, त्यामुळे काही दिवस जहाजांची ये-जा ठप्प. तिथे कारण टक्कर होतं, वजन नाही, पण एक बाजू खाली गेली की वरचे बॉक्स किती भराभर जातात ते कळलं.

वजनाची खरी पोल खुलली इंग्लंडमध्ये. जानेवारी 2007 मध्ये एमएससी नेपोली वादळात फुटायला आली, तिला डेव्हनच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम रुतवली. नंतर डेकवरचे 660 बॉक्स तोलले तर 137 मध्ये कागदावरच्या आणि खऱ्या वजनात तीन टनांहून जास्त फरक! तरीही नियम यायला 1 जुलै 2016 उजाडला. आता भरलेल्या प्रत्येक एक्स्पोर्ट बॉक्सचं व्हीजीएम, म्हणजे तपासलेलं एकूण वजन, द्यावंच लागतं. एकतर भरलेला बॉक्स काट्यावर तोला, नाहीतर आतला माल, पॅकिंग आणि रिकामा बॉक्स यांची बेरीज मान्य पद्धतीने करा. नाही दिलं तर बॉक्स जहाजावर चढत नाही, शट आउट, पुढच्या व्हेसलची वाट बघा.

आणि तरी अजून रात्री फोन येतात, "दादा, अंदाजे टाका ना काहीतरी, कोण बघतंय." मी म्हणतो, अहो साहेब, गाडी काट्यावर घ्या आणि पावतीचा फोटो टाका, कट-ऑफला दीड तास आहे.