मोहऱ्यांची चाल

रविवार, रात्री

बुद्धिबळाच्या पटावरील पांढऱ्या बाजूचे सोळा मोहरे सोळा माणसांच्या रूपात टिपायचे, असे मी पावसाळ्यात ठरवले होते. आज त्यांतले अवघड मोहरे मनासारखे साधले, म्हणून झोपण्यापूर्वी हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

कोल्हापुरात पोशाखांची वानवा नाही. नाटके, शाळांची स्नेहसंमेलने आणि शिवजयंतीच्या मिरवणुका यांना कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीच्या दुकानांत अंगरखे, शेले, मंदील, जिरेटोप असे सारे काही भाड्याने मिळते. शोधली असती तर हत्तीसाठी पुठ्ठ्याची सोंडही मिळाली असती. परंतु सोंड लावलेल्या माणसाचे छायाचित्र पाहून हा हत्ती आहे इतकेच कळते, तो पटावर कसा चालतो हे कळत नाही, आणि खेळणाऱ्याच्या मनात मोहरा राहतो तो त्याच्या चालीमुळेच. म्हणून या मालिकेपुरता मी एक नियम धरला आहे: माणसाचे उभे राहणे, नजर, प्रकाश, मागचे कापड आणि अंगावरचे वस्त्र या सर्वांतून त्या मोहऱ्याची चाल दिसली पाहिजे. प्रत्येक छायाचित्राची चौकट चौरस आहे, म्हणजे ती पटावरील एक घर आहे, आणि डाव मांडताना मोहरा ज्या रंगाच्या घरात उभा असतो त्याप्रमाणे मागे काळे कापड किंवा मांजरपाट लावले जाते.

सकाळी हत्ती झाला. त्यासाठी तालमीत आयुष्य घालवलेले एक वस्ताद आले होते. हत्ती आडवा किंवा उभा, पण नेहमी सरळ चालतो, म्हणून मी कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर समोरासमोर ठेवला, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश दिला आणि जरीचे काहीही न घालता त्यांच्या दोन्ही खांद्यांवरून जाड घोंगडे खाली सोडले, ज्याच्या कडा जमिनीपर्यंत सरळ उतरत होत्या. "तालमीत उभारल्यागत उभारू का, पोरी?" असे त्यांनी विचारले. "होय वस्ताद, अगदी तसेच," असे मी म्हटले आणि त्यांनी पाय रोवले, तेव्हा खोलीतील सगळ्यांचे बोलणे आपोआप थांबले. ज्या गावात शाहू महाराजांच्या काळात साठमारीच्या मैदानात खरे हत्ती झुंजत असत, तिथल्या माणसाला हत्तीचे वजन शिकवावे लागत नाही.

दोन्ही उंटांसाठी दोन सख्खे भाऊ घेतले. एक उंट जन्मभर काळ्या घरांतून फिरतो आणि दुसरा पांढऱ्या, त्यामुळे एकाच पटावर असूनही ते एकमेकांच्या घरात कधीच जात नाहीत. एकामागे काळे कापड, दुसऱ्यामागे मांजरपाट, दोघांच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा शेला आणि वरच्या कोपऱ्यातून येणारा एकच दिवा, एवढ्यावर ते काम झाले.

घोड्याने मात्र संपूर्ण दुपार घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. अडीच घरे चालणारा, वाटेतल्या मोहऱ्यांवरून उडी मारणारा आणि प्रत्येक चालीला घराचा रंग बदलणारा हा पटावरचा एकमेव मोहरा आहे. त्याच्यासाठी मी मर्दानी खेळ खेळणाऱ्या एका मुलीला बोलावले होते. तिने पांढरे नऊवारी कासोटा घालून नेसले होते आणि डोक्याला बांधलेल्या फेट्याचा शेमला मोकळा सोडला होता. मागे काळे कापड आणि मांजरपाट मधोमध जोडून लावले. तिने पवित्रा घेऊन दोन पावले सरळ टाकायची आणि मग अंग वळवायचे, असे ठरले. शटर १/१५ सेकंदावर ठेवून शेवटच्या क्षणी फ्लॅश उडवला, म्हणजे चेहरा स्थिर येतो आणि शेमला हवेत विरतो. तिने मधेच थांबून विचारले, "ताई, मी जिथनं निघाले तिथं बघू, का जिथं पोचले तिथं?" माझ्या कागदावर या प्रश्नाला जागाच नव्हती, आणि तरी सारे छायाचित्र त्यावरच अवलंबून होते. आम्ही दोन्ही प्रकारे करून पाहिले. पाय नव्या घरात आणि नजर मागच्या घरावर, यातच घोडा दिसतो. निवड झाली.

मागे साध्या कापडाऐवजी रंगवलेला पडदा का लावत नाही, असे आज पुन्हा एकदा विचारले गेले. कोल्हापुरात हा प्रश्न साहजिक आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी नाटकांचे पडदे रंगवले, आणि १९१६ मध्ये आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडवून याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु पडद्यावर महाल आला की माणूस त्या महालातला होतो, आणि मोहऱ्याला तर आपल्या घराखेरीज दुसरे ठिकाणच नसते.

प्यादी गेल्याच आठवड्यात पूर्ण झाली आणि ती मला सर्वांत जवळची आहेत. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील याकोबुस द चेसोलिस या धर्मगुरूने बुद्धिबळावर लिहिताना आठही प्याद्यांना निरनिराळे व्यवसाय नेमून दिले होते: शेतकरी, लोहार, व्यापारी, वैद्य, खाणावळवाला असे. तेच मी इथल्या माणसांवर केले. चपलांचे चामडे कापणारे काका, गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळणारे मामा, कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी आणि असेच आणखी पाच जण आपापल्या कामाच्या कपड्यांतच उभे राहिले. वेगळे असे फक्त एक, सर्वांच्या डोक्यावर एकसारखा पांढरा फेटा. प्यादे सरळ चालते, तिरपे मारते आणि मागे कधीच फिरत नाही. त्यामुळे आठही जणांचे अंग सरळ पुढे आहे आणि नजर तिरपी. मावशींची नजर इतकी धारदार आली आहे की ते छायाचित्र पाहताना माझाच हात कॅमेऱ्यावर सावरला जातो.

राजा परवा होईल. तो एकेकच घर चालतो, म्हणून सर्वांत जड वस्त्रे त्याच्या अंगावर राहतील आणि खुर्चीच्या पायांपर्यंत पसरतील. वजिराचा विचार अधिक आहे. जुन्या खेळात तो फक्त एक घर तिरपा चालत असे. १५व्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आठही दिशा खुल्या झाल्या. उद्या एक मुख्याध्यापिका बाई वजीर होणार आहेत. त्यांना कोणत्याही एका बाजूचा प्रकाश द्यायचा नाही. चारही बाजूंनी मऊ उजेड, मागे मांजरपाट, त्यांची नेहमीची सुती साडी आणि खांद्यावर शेला.

मांडणीही आज ठरली. देशी पद्धतीच्या खेळात शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे त्या घरचाच मोहरा होत असे, म्हणून वरच्या ओळीतील प्रत्येक मोहऱ्याच्या बरोबर खाली त्याच उभ्या पट्टीतले प्यादे लावायचे. वस्तादांच्या खाली चपला करणारे काका येतील. मंडईतल्या मावशींचे छायाचित्र वजिराच्या खाली लावायचे आहे, आणि बाईंनी उद्या येण्यापूर्वी ते पाहावे म्हणून त्याची एक प्रत मी आजच छापून ठेवली आहे.