हेलिकॉप्टरची वाट बघत बसू नका

आमच्या खोऱ्यात त्यांना सगळे कमांडर म्हणतात, मी काका म्हणते. नौदलातली जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी सीकिंग हेलिकॉप्टरवर काढली. पाणबुड्या हुडकायचं काम. समुद्रावर एका जागी तरंगत थांबायचं, तारेला बांधलेलं सोनार पाण्यात सोडायचं आणि कान देऊन बसायचं. काका पायलट नव्हते, ऑब्झर्व्हर होते. "चालवायचा दुसरा. कुठे जायचं आणि परत कसं यायचं, हे माझ्याकडे," असं ते एकदाच सांगतात. पुन्हा विचारलं तर चिडतात.

निवृत्त झाल्यावर आजोबांच्या घराची कौलं बदलून ते पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत राहायला आले. निराधार योजनेचे अर्ज भरून देणं, दहावीच्या पोरांचं गणित, रात्री-अपरात्री पेशंटला बोलेरोत घालून नेणं, हे सगळं चालूच असतं. माझ्या मते त्यांचं मोठं काम म्हणजे एक नकाशा. खोऱ्यातली प्रत्येक वाडी, पायवाट, ओढा आणि साकव त्यात आहे. प्रत्येक पायवाटेपुढे दोन आकडे: मोकळ्या माणसाला लागणारा वेळ आणि डोलीला लागणारा वेळ. घड्याळ लावून स्वतः चालून काढलेले. मी इथल्या आरोग्य उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आले, तेव्हा मला हा रिकामटेकडेपणा वाटला होता.

२२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री उगम पावते तिथेच, त्यामुळे ते पाणी आमच्या अंगावरूनच महाडकडे गेलं. महाड बुडालं, तळियेवर दरड आली, आंबेनळी घाट बंद झाला. आम्हाला यातलं काहीच कळलं नव्हतं. वीज नाही, फोन नाही, गावचा रस्ता दोन ठिकाणी खचलेला.

२३ तारखेला उजाडताना शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाला चौघांनी उचलून आणलं. गोठ्यात पेंढा ओढताना पायाला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. घोट्याच्या वर फडकं इतकं करकचून बांधलेलं की पाय निळा पडला होता. ते हळूहळू सैल केलं, फळी बांधून पाय स्थिर ठेवला आणि कोऱ्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती खिडकीत उभी केली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी कलती केली, तर रक्त पाण्यासारखं काचेवरून ओघळलं. गोठायची चिन्हंच नव्हती. हिरड्यांतूनही झिरपायला लागलं होतं. फुरसंच असणार. आता सापाच्या विषावरची लस हवी, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, डोंगरापलीकडे.

तेवढ्यात सरपंचांचा पुतण्या माळावरून धावत आला. तिथे क्षणभर रेंज मिळाली होती. मुंबईहून, शिक्रा तळावरून, नौदलाचं सीकिंग पोलादपूरकडे निघालंय! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. २०१६ला महाडचा पूल वाहून गेला तेव्हा नदीवर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं लोकांनी पाहिलेली. पोरं शाळेचं मैदान मोकळं करायला पळाली, कुणी पांढरं धोतर आणलं. "कमांडर, तुमच्याच लोकांचं आहे, येईलच की," सरपंच म्हणाले.

काकांनी आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. ते देवळाच्या मागे बघत होते. "तिथला सुळका दिसतोय? नाही ना? मग त्यांनाही दिसणार नाही. समुद्रावर एवढ्या ढगात आम्ही खाली उतरायचो, कारण आपटायला तिथे काही नसतं. इथे दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून विजेच्या तारा. शिवाय त्यांच्याकडे जास्त माणसं अडकलेली ठिकाणं असतील. ढग उठले तर उठले. दोघं जण मैदानावर थांबा, पत्रे बांधून ठेवा. सिस्टर, आपण निघायचं."

गाव नाराज झालं. स्पष्टच सांगते, मलाही ते बोलणं तेव्हा निष्ठुर वाटलं. पण ज्याने आयुष्यभर ते यंत्र वापरलं, त्यालाच ते कुठे चालत नाही हे ठाऊक असणार.

बांबूला गोधडी बांधून डोली केली. जवळच्या वाटेवरचा साकव शिल्लक आहे का, हे बघायला दोन पोरं आधीच पिटाळली होती. साकव गेला होता. मग खिंडीची लांबची वाट धरली. आळीपाळीने खांदे बदलत होतो आणि साठी उलटलेल्या माणसाचा खांदाही त्यात होता. वरच्या अंगाला तोच ओढा आडवा आला, मातकट आणि फुगलेला. काकांनी पाण्याच्या काठाशी एक काठी रोवली आणि सगळ्यांना खाली बसवलं. पोराची आई त्यांच्यावर ओरडली, "माझा लेक मरायची वाट बघताव काय?" ते गप्प राहिले. मी दर थोड्या वेळाने नाडी आणि हिरड्या बघत होते, ते काठी आणि घड्याळ. डोंगरातला ओढा चढतो झरझर आणि वरचा पाऊस थांबला की उतरतोही तसाच. पाणी काठीपासून हातभर मागे सरल्यावर त्यांनी दोर पलीकडे बांधायला लावला आणि आम्ही एकेक करून उतरलो. पाणी मांडीला लागत होतं.

आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर होते, हे नशीब. हाफकिनच्या लसीच्या दहा व्हायल सलाइनमधून गेल्या. सहा तासांनी पुन्हा नळी भरली. या वेळी कलती केली तेव्हा रक्ताची गुठळी जागची हलली नाही. ती नळी मी त्याच्या आईच्या हातात दिली. तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण माझा चेहरा कळला.

काका बाहेर बाकड्यावर नकाशा पसरून बसले होते. "सिस्टर, उपकेंद्रातून निघालो कितीला?" मी सांगितलं. त्यांनी खिंडीच्या वाटेपुढचा डोलीचा आकडा खोडला, नवा लिहिला आणि शेजारी कंसात 'पावसात'.

आमच्या मैदानावर त्या दिवशी हेलिकॉप्टर आलं नाही. तरी पावसाळा सरल्यावर काकांनी पोरांना तिथेच उभं करून शिकवलं: वारा दाखवायला धूर करा, शेपटीकडे कधी जाऊ नका, वरून सोडलेला हुक आधी जमिनीला टेकू द्या, नाहीतर विजेचा झटका बसतो. सकाळी सातला बोलावलेलं, सव्वासातला आलेल्यांना परत पाठवलं. वाहून गेलेल्या साकवाचा अर्जही त्यांनीच लिहिला आणि त्यासाठी ते कचेरीत खेटे घालत राहिले. तिथले लोक त्यांना बघून चहाला उठतात, असं ऐकलंय.