सिम्पसन वाळवंट, चॅनेल १०

ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटात शिरण्याआधी डॅलहाउसीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी आम्ही टायरमधली हवा कमी केली, गाड्यांच्या नाकावर झेंड्याच्या उंच काठ्या चढवल्या आणि तिन्ही गाड्यांतले रेडिओ चॅनेल १० वर लावले. झेंडा इथे सक्तीचा आहे, त्याचं टोक जमिनीपासून साडेतीन मीटरवर असावं लागतं. कारण पुढे गेल्यावर लगेच कळतं. सिम्पसनमध्ये वाळूच्या अकराशेहून जास्त टेकड्या एकमेकींना समांतर, साधारण उत्तर-दक्षिण पसरल्यात आणि पूर्वेला बर्ड्सव्हिल गावाला जायचं तर त्या एकेक करून ओलांडायच्या. चढताना समोर फक्त बॉनेट आणि आकाश. पलीकडून कुणी तशाच जोरात चढत असेल तर गाठ थेट माथ्यावर. झेंडा जेमतेम क्षणभर आधी दिसतो. रेडिओवर मात्र समोरचा दोन-चार टेकड्या आधीच कळू शकतो.

इथे या कामाला यूएचएफ सीबी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा जवळच्या पल्ल्याचा दुतर्फी रेडिओ वापरतात. ४७६-४७७ मेगाहर्ट्झची पट्टी, ८० चॅनेल, कमाल ५ वॅट ताकद, आणि वैयक्तिक परवान्याची भानगड नाही. ५ आणि ३५ आणीबाणीसाठी राखीव, २२ आणि २३ वर बोलायचंच नाही, ४० महामार्गावरच्या ट्रकवाल्यांचा. वाळवंटातल्या फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांचा १०.

पाच वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण यूएचएफला ताकदीपेक्षा उंची महत्त्वाची. लहरी सरळ रेषेत जातात. वाळूचा डोंगर मध्ये आला की आवाज खरखरीत विरतो. दोन टेकड्यांमधल्या सखल पट्ट्यात असताना आमचीच तिसरी गाडी, जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर मागे, तुटक ऐकू यायची. तीच माथ्यावर आली की शेजारी बसून बोलल्यासारखी. म्हणून कुणाला हाक मारायची ती माथ्याजवळ पोचताना.

अँटेनाचंही असंच. मधल्या गाडीतल्या काकांनी हौसेने लांबलचक, जास्त गेनची (एकाच दिशेला जास्त जोर लावणारी) अँटेना बसवली होती. अशी अँटेना सगळी शक्ती आडव्या, चपट्या थरात फेकते. सपाट माळावर झकास. पण गाडीने चढावर नाक वर केलं की तो थरही कलतो, अर्धा आकाशात आणि अर्धा वाळूत. आमची आखूड, कमी गेनची अँटेना दिसायला बिचारी, पण टेकड्यांमध्ये तिचाच आवाज जास्त पोचत होता. काकांना हे पटलं नाही, हा भाग वेगळा.

तेल शोधणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९६०च्या दशकात आखलेल्या फ्रेंच लाइनवर आम्ही दिवसभर पूर्वेकडे जात होतो. माइक पुढच्या गाडीत वहिनींच्या हातात. बटण दाबायचं, एक सेकंद थांबायचं (नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो), मग इंग्रजीत: तीन गाड्या, फ्रेंच लाइन, पूर्वेकडे, कुणी समोर आहे का? बटण सोडायचं. खरखर. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. कुणी ऐकत नसताना असं बोलत राहायला सुरुवातीला संकोच वाटतो. नंतर त्याची सवय होते.

दुपारी एकदा उत्तर आलं. फाटका, अर्धवट पुरुषी आवाज: “...पाच... पश्चिमेकडे... शेवटी ट्रेलर...” नेमकं त्याच वेळी काकांनी बटण दाबलं. हे रेडिओ एफएम पद्धतीचे, त्यावर दोघे एकदम बोलले की जवळचा जोरदार आवाज लांबच्याला गिळून टाकतो, त्यामुळे आम्हाला फक्त काका ऐकू आले.

“काका, जरा थांबा ना!”

“अगं, मी विचारतच होतो, कोण आहे म्हणून!”

वहिनींनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. आम्ही सखल भागात रुंद जागा बघून बाजूला उभे राहिलो. पहिली गाडी माथ्यावरून उतरली तेव्हा चालकाने खिडकीतून चार बोटं दाखवली: मागे अजून चार. दुसऱ्याने तीन. ट्रेलरवाला आला तो मूठ दाखवत. रेडिओ असूनही हा बोटांचा हिशोब ठेवतात हे मला फार आवडलं.

आपापसातल्या गप्पांसाठी दुसरा चॅनेल घ्यावा असं काही ताफ्यांना वाटतं. गप्पा दुसऱ्या चॅनेलवर गेलेल्याच बऱ्या, पण त्या हातातल्या छोट्या सेटवर. गाडीतला मुख्य सेट १० वरून हलवला की झेंड्याशिवाय फिरण्यासारखंच. सॅटेलाइट फोन आमच्याकडे होता, मदत मागवायला तो हवाच. पण तो ज्याचा नंबर लावाल त्याच्याशीच बोलतो, आणि टेकडीपलीकडच्या माणसाचा नंबर कुणाकडे असतो?

लांब पल्ल्यासाठी काकांच्या गाडीत यूएचएफपेक्षा बऱ्याच खालच्या फ्रीक्वेन्सीचा एचएफ सेटही होता. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरावरून परत फिरतात, म्हणून शेकडो किलोमीटर जातात. दिवसा वरची फ्रीक्वेन्सी, रात्री खालची. या देशात ही विद्या जुनी. आल्फ्रेड ट्रेगरने १९२९ मध्ये पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला, आणि दूरच्या पशुपालकांच्या घरांतून त्यावरून विमानी डॉक्टरला बोलावता येऊ लागलं. संध्याकाळी काका फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांच्या व्हीकेएस-७३७ या नेटवर्कवर ठरल्या वेळी आपला ठावठिकाणा कळवायचे. इतरांचेही ऐकू यायचे: कुणाचं सस्पेन्शन तुटलंय, कुठल्या रस्त्यावर पाणी आहे. कोण कुठे अडकलंय हे जेवताना सगळ्या ताफ्याला ठाऊक.

क्वीन्सलंड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी जिथे मिळतात तो पोपेल कॉर्नर मागे टाकला, मग बिग रेड नावाची वाळूची टेकडी. चाळीसेक मीटर उंच, आणि चॅनेल १० वर नुसता बाजार! कोण कितव्या प्रयत्नात घसरला याचं समालोचन. आम्ही कडेच्या सोप्या वाटेने उतरलो.

बर्ड्सव्हिलनंतर दक्षिणेला बर्ड्सव्हिल ट्रॅकवर वळलो आणि चॅनेल ४० लावला. काही वेळातच पुढे धुळीची भिंत. आत रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक; असली गाडी ५३.५ मीटरपर्यंत लांब असू शकते. धुळीतून तिचं शेपूटही दिसत नव्हतं. वहिनींनी विचारलं, मागे तीन गाड्या आहेत, पुढे जायला रस्ता मोकळा आहे का? “थांबा, समोरून एक येतोय,” तो म्हणाला. थोड्या वेळाने एक गाडी सुसाट निघून गेली. “आता या, उजवीकडून, मी वेग कमी करतोय.” पहिले आम्ही, मग काका, मग तिसरी. वहिनींनी आभार मानेपर्यंत तो मागून येणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी तेच सांगायला लागला होता.